नुकसान शेतात, निकाल कागदावर

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात नद्यांनी पात्र सोडले. तेव्हापासून ज्या ज्या तालुक्यात बैठकीला गेलो, तिथे कोणीतरी उठून एक वाक्य बोलतोच, "साहेब, अमेरिकेत असं होत नाही. तिथं पूर आला की सरकारी विम्याचा चेक घरपोच येतो." टाळ्या पडतात. खोटे कशाला बोलावे, असली वाक्ये आम्हीही व्यासपीठावरून फेकलेली आहेत. तिकडचा शेतकरी सुखात आणि आपला खड्ड्यात, असे म्हटले की सभा तापते. पण बैठक संपल्यावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला धुऱ्यावर गाठून विचारले, "तिथला कागद कोण लिहितो?" आम्हाला उत्तर देता आले नाही. म्हणून हा अग्रलेख.

मायबहिणींनो आणि भावांनो, अमेरिकेत सरकारी पूरविमा आहे हे खरे. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला. त्यात खाजगी विमा कंपन्यांचे हात पोळले आणि पुराचा विमा विकणे त्यांनी जवळजवळ सोडून दिले. पुढे चाळीस वर्षे पूरग्रस्त सरकारी मदतीच्या तोंडाकडे पाहत राहिला. शेवटी १९६८ साली त्यांच्या संसदेने कायदा करून राष्ट्रीय पूरविमा योजना काढली. १९८३ पासून तिच्या पॉलिसी खाजगी कंपन्या विकतात, नुकसान तपासायला त्यांचीच माणसे जातात आणि जोखीम मात्र केंद्र सरकारच्या तिजोरीची. (ही मांडणी कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते ना?) हा विमा घराचा आणि घरातल्या सामानाचा. साध्या कुटुंबाच्या घराला कमाल अडीच लाख डॉलर, सामानाला एक लाख. शेतातल्या उभ्या पिकाला या विम्यातून एक छदामही मिळत नाही. पिकाचा विमा वेगळा. तो १९३८ पासून दुसऱ्या कायद्याखाली चालतो.

विम्याशेजारी दुसरी खिडकी आहे ती मदतीची. राज्यपालाने मागणी करायची, राष्ट्राध्यक्षाने आपत्ती जाहीर करायची, मग केंद्राचे आपत्ती खाते अर्ज घेणार. ही मदत घर पुन्हा उभे करण्यासाठी नाहीच, माणूस कसाबसा छपराखाली जावा एवढ्यापुरती आहे. कित्येक वर्षे तिथे आणखी एक गंमत होती. वाहून गेलेल्या सामानासाठी मदत हवी असेल तर बऱ्याच कुटुंबांना आधी दुसऱ्या सरकारी खात्याकडे कर्जाचा अर्ज करावा लागे. कर्ज नामंजूर झाले की मग मदतीचे दार उघडणार. ज्याचे घर बुडाले त्याने आधी कर्ज मागून नकाराचे पत्र मिळवायचे! ही अट निघाली मार्च २०२४ मध्ये.

आता विम्याचा कागद. पूर ओसरला की ६० दिवसांत घरमालकाने नुकसानीचे शपथपत्र सही करून द्यायचे. किती नुकसान, कशाचे, किती रकमेचे, हे सगळे त्यानेच लिहायचे. मोठ्या वादळानंतर सरकार ही मुदत वाढवते. पण मुदत चुकली किंवा कागद अर्धा राहिला, की कोर्टात गेलेले लोक बहुधा हात हलवत परत येतात. तपासणीला आलेला माणूस "काळजी करू नका, मी सगळं पाठवतो" म्हणाला होता, हे सांगून चालत नाही. तपासनिसाचा शब्द सरकारला बांधत नाही.

हे असे का, याचा माग काढत गेलो तर आम्ही थेट एका कोरडवाहू गव्हाच्या शेतात जाऊन पोहोचलो. ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ती आपलीच आहे.

१९४५ साल. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी ४६० एकरांचा सरकारी पीकविमा उतरवला. त्यांपैकी ४०० एकरांत आधी हिवाळी गहू पेरलेला होता. त्या जागी त्यांनी वसंतातल्या गव्हाची दुबार पेरणी केली. दुबार पेरणी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. विमा उतरवताना त्यांनी काही लपवले नाही. सरकारी विमा महामंडळाचे काम गावपातळीवर पाहणाऱ्या समितीला त्यांनी स्पष्ट सांगितले की यातला बहुतेक पेरा दुबार आहे. समिती म्हणाली, चालतो, सगळा पेरा विम्यात बसतो. महामंडळाने अर्ज मंजूर केला. उन्हाळ्यात पाऊस ताणला, पीक वाळले. शेतकरी भरपाई मागायला गेले तेव्हा महामंडळाने सांगितले की दुबार पेरलेला गहू नियमानुसार विम्यात बसतच नाही. नियम कुठे होता? वॉशिंग्टनला निघणाऱ्या सरकारी राजपत्रात.

ज्युरीने शेतकऱ्यांच्या बाजूने कौल दिला. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानेही तो उचलून धरला. मग महामंडळ देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर १९४७ मध्ये, म्हणजे आपल्याकडे स्वातंत्र्याला तीन महिने होत असताना, पाच विरुद्ध चार मतांनी शेतकरी हरले. बहुमताचे म्हणणे असे: सरकारशी व्यवहार करणाऱ्याने सरकारच्या माणसाला तसा अधिकार आहे की नाही हे स्वतः तपासून घ्यावे, आणि नियम राजपत्रात छापला की तो सगळ्यांना ठाऊक आहे असे धरले जाईल, शेतकऱ्याने तो वाचलेला असो वा नसो. विरोधी मत देणाऱ्यांत न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन होते. विमा घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला राजपत्रात काय छापले आहे हे ठाऊक असते असे धरणे हा शुद्ध वेडेपणा आहे, असे त्यांच्या म्हणण्याचे सार. पण विरोधी मताने चेक निघत नाही.

कोरडवाहू गव्हाच्या चारशे एकरांवरून निघालेला हा निकाल आजही जिवंत आहे. पुरात घर बुडालेला माणूस शपथपत्राला उशीर झाला म्हणून कोर्टात जातो, तेव्हा त्याच्यापुढे हाच १९४७ चा निकाल ठेवला जातो. शेतकऱ्याच्या गळ्यासाठी वळलेला दोर शहरवाल्याच्या गळ्यालाही बसतो, हे शहरवाल्याला बुडाल्यावर कळते.

दुसरी गोष्ट अलीकडची. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी नावाचे वादळ न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आदळले. लॉंग आयलंडवरच्या एका घराचा विमा होता. इंजिनिअर आला, घर पाहिले आणि अहवाल लिहिला की पायाचे नुकसान पुराच्या पाण्याने झाले आहे. त्यानंतर ज्याने ते घर डोळ्यांनीही पाहिले नव्हते अशा दुसऱ्या इंजिनिअरने ऑफिसात बसून तो अहवाल फिरवला: नुकसान जुन्या झिजेचे आहे, पुराचे नाही. भरपाई नामंजूर. मूळ अहवाल घरमालकाच्या नजरेला पडला म्हणून हे उघडकीस आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले आणि मग कळले की हे एकाच घरापुरते नाही. २०१५ मध्ये आपत्ती खात्याला दावे पुन्हा उघडावे लागले. सुमारे १ लाख ४२ हजार विमाधारकांना फेरतपासणीसाठी पत्रे गेली. वादळानंतर अडीच वर्षांनी!

जगातल्या सर्वांत श्रीमंत सरकारच्या योजनेत हे घडले. तिथे संगणक होते, इंजिनिअर होते, वकील होते. नव्हते ते एवढेच की पाहणी करणाऱ्याने जे लिहिले त्याची प्रत त्याच वेळी घरमालकाच्या हातात द्यायची. ज्याच्या हाती पहिली प्रत लागली तो लढला. बाकीच्यांना आपल्या नुकसानीचा कागद मध्येच बदलला असेल अशी शंकाही आली नाही.

आता आपल्याकडचा पंचनामा आठवा. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक या तिघांनी मिळून करायचा. (या तिघांची नावे अलीकडे बदलली, तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाला. खांद्यावरची गावे तेवढीच राहिली.) एकेकाकडे तीन-तीन, चार-चार गावे. शेतात गाळ, रस्ता नाही. मग पारावर किंवा ग्रामपंचायतीत बसून यादी होते. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर की खाली, एवढाच प्रश्न. ३३ च्या वर असेल तर मदत, ३२ असेल तर शून्य. कोरडवाहूला केंद्राच्या निकषाने हेक्टरी साडेआठ हजार रुपये. ऑक्टोबर २०२५ च्या ३१ हजार ६२८ कोटींच्या पॅकेजमध्ये राज्याने वर रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी दहा हजार जाहीर केले आणि मर्यादा तीन हेक्टर ठेवली. ही रक्कम पुरेशी आहे का, यावर आम्ही मागे लिहिले आहे, पुढेही लिहू. आज प्रश्न एवढाच आहे की तुमच्या गट नंबरापुढे जो टक्का लिहिला गेला तो तुम्ही पाहिलात का? आम्ही बैठकांतून हात वर करायला सांगतो. पाहिलेल्यांचे हात बोटांवर मोजण्याइतके असतात.

तिसरी गोष्ट वारसांची. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या शेतकरी कुटुंबांची बरीच जमीन आणि घरे आजही आजा-पणजाच्या नावावर आहेत. मृत्युपत्र झाले नाही, वाटण्या झाल्या नाहीत, पोरे शिकागोला गेली आणि घरात राहतो एक नातू. २००५ साली कॅटरिना वादळात अशी घरे गेली आणि मदतीच्या खिडकीवर प्रश्न आला: घर तुमच्या नावावर असल्याचा कागद दाखवा. २०१७ साली पोर्टो रिकोत मारिया वादळानंतर पुन्हा तेच. तिथे तर घराची मालकी नोंदवणे कायद्याने सक्तीचेही नाही, तरी केंद्राचे खाते नोंदीचा कागद मागत राहिले. अर्ज ढिगाने नाकारले गेले. शेवटी सप्टेंबर २०२१ मध्ये खात्याने नियम सैल केला. इतर कागदही चालतील, आणि दुसरे काहीच नसेल तर कुटुंबाने लिहून दिलेले स्वतःचे निवेदनही मालकीचा पुरावा मानले जाईल. कॅटरिना ते हा नियम, सोळा वर्षे.

आपल्याकडे सातबारावर मेलेला आजा जिवंत असतो आणि जिवंत सून कुठेच नसते. सामाईक खाते असेल तर सगळ्या खातेदारांचे संमतीपत्र आणा. एक भाऊ पुण्याला वॉचमन, एक बहीण सासरी आणि तिसऱ्याशी बोलणे बंद. मग पैसा तहसीलात पडून. मक्त्याने किंवा बटाईने शेत करणाऱ्याचे तर विचारूच नका. बियाणे त्याचे, खत त्याचे, कर्ज सावकाराचे, घाम त्याच्या बायकोचा आणि मदत सातबारावाल्याची. विम्यात मक्तेदाराला जागा आहे, पण नोंदणीकृत भाडेकरार असेल तर. असा करार करून द्यायला तयार असणारा जमीनमालक आम्ही अजून शोधतो आहोत.

मग अमेरिकेत सगळेच वाईट का? तसे नाही आणि तसे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यांच्या पीकविम्यात दोन गोष्टी आपण हिसकावून घ्याव्यात अशा आहेत.

एक, तिथला सर्वसाधारण पीकविमा शेतकऱ्याच्या स्वतःच्या उत्पन्नावर चालतो. त्याने स्वतःच्या रानात किती पिकवले याची चार ते दहा वर्षांची नोंद तो ठेवतो, त्याची सरासरी काढतात आणि त्याच्याच रानात येऊन नुकसान मोजतात. आपल्याकडे घटक आहे महसूल मंडळ. मंडळातली मोजकी शेते निवडून पीक कापणी प्रयोग करायचे आणि त्यांचे सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाखाली गेले तरच मंडळातल्या सगळ्यांना भरपाई. उंबरठा कसा काढतात? मागच्या सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी घ्यायची आणि तिला जोखीमस्तराने गुणायचे. आपल्या राज्यात जोखीमस्तर ७० टक्के. म्हणजे सरासरीतली पहिली ३० टक्के तूट सरळ आपल्या अंगावर. आम्ही कृषी महाविद्यालयात हे गणित शिकलो तेव्हा ते फार सुबक वाटले होते. नाल्याकाठचे दोन एकर पाण्याखाली आणि टेकाडावरचे शेत हिरवेगार, अशा गावात उभे राहिल्यावर त्याचा सुबकपणा उतरला.

पूर्वी याला थोडी पळवाट होती. आपल्या शेतात पाणी साचले, गारपीट झाली तर ७२ तासांत कळवून वैयक्तिक पाहणी मागता येत असे. २०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयातला विमा बंद केला. त्याबरोबर स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचे नुकसान हे जादा भागही काढले आणि फक्त पीक कापणी प्रयोग ठेवला. कापसासारख्या नगदी पिकाचा हप्ता पुन्हा पाच टक्क्यांपर्यंत, ज्वारीचा दोन टक्के. नेमका त्याच वर्षी पूर आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले की २०२६ च्या खरिपापासून वन्यप्राण्यांचे नुकसान आणि धान पाण्याखाली जाणे यांना संरक्षण मिळेल. रोही आणि डुकरांनी खाल्ले तर कुठेतरी दाद, पण पाणी साचून पऱ्हाटी उबळली तर त्या यादीत ती नाही. आणि वन्यप्राण्यांचे नुकसानही ७२ तासांत मोबाईलवर फोटोसह कळवायचे.

हे ७२ तास अमेरिकेतही आहेत. तिथल्या पीकविम्यातही नुकसान दिसल्यापासून ७२ तासांत कळवावे लागते. शब्द नीट वाचा: नुकसान दिसल्यापासून. आपल्याकडे घड्याळ घटनेपासून धरतात. शेतीशास्त्राच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. काळ्या जमिनीत पाणी साचले की कपाशीची मुळे गुदमरतात, पण झाड लगेच पडत नाही. ऊन पडले की मान टाकते. बोंडे सडायला त्याहून जास्त दिवस लागतात. खालच्या फांद्यांची बोंडे वरून हिरवी दिसतात, फोडली की आत काळी. पाऊस थांबल्यावर तिसऱ्या दिवशी काढलेल्या फोटोत शेत हिरवे दिसेल आणि तोच फोटो पुढे तुमच्याविरुद्ध पुरावा होईल.

दुसरी गोष्ट प्रतीची. टेक्सास-कॅन्सासमध्येही ज्वारी पिकते. तिथल्या विम्यात दाणा खराब झाला तर ठरलेल्या निकषांनुसार उत्पन्नाचा आकडा कमी धरतात. कापसालाही तशी सोय आहे. आपल्याकडे प्रयोगात वजन होते. कणसे भरली, मग पाऊस आला आणि दाणा काळा पडला, तरी तराजूवर काळी ज्वारी पांढरीइतकीच भरते. बाजारात मात्र तिला कोणी विचारत नाही. भिजून डागलेल्या कवडी कापसाचेही तेच. वजन पास, शेतकरी नापास.

सरकारकडे आमच्या मागण्या यातूनच निघतात. पंचनाम्याची आणि पीक कापणी प्रयोगाच्या नोंदीची प्रत त्याच दिवशी, त्याच धुऱ्यावर शेतकऱ्याला मिळाली पाहिजे, टक्का आणि वजन आकड्यात लिहून. प्रयोगाच्या वेळी विमा कंपनीच्या प्रतिनिधीला हजर राहता येते, तसे शेतमालकाच्या आणि गावाच्या माणसालाही हक्काने राहता आले पाहिजे. वारसनोंद आणि संमतीपत्र अडलेले असेल तर जो कसतो त्याच्या निवेदनावर, ग्रामसभेच्या शिफारशीने, मदत निघाली पाहिजे. अमेरिकेला हे सोळा वर्षांनी सुचले. आपल्याला त्यांची नक्कल करायला सोळा वर्षे लागू नयेत. आणि काळ्या ज्वारीचे वजन पांढऱ्या ज्वारीत धरणे बंद झाले पाहिजे.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. घरात एक शंभर पानी वही घ्या. गट नंबर, पेऱ्याची तारीख, वाण, ई-पीक पाहणी केल्याची तारीख, प्रत्येक वेचणीचे वजन, ज्वारीची पोती आणि विकलेला भाव त्यात लिहा. ज्या घरात पोरगी आठवीत आहे त्या घरात ही वही उत्तम चालते, असा आमचा अनुभव आहे. पाणी साचले की पहिल्या दिवशी फोटो, मग चौथ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी, त्याच धुऱ्यावरून, एक बोंड फोडून हातात धरून. तलाठ्याला तोंडी सांगू नका. साध्या कागदावर दोन ओळी लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसेल तर तोच कागद स्पीड पोस्टाने पाठवा. पंचनाम्याची प्रत मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा, अर्जाला दहा रुपये लागतात.

पुढच्या जिल्हा बैठकीत एक टेबल फक्त यासाठी ठेवले आहे. येताना सातबारा, आठ अ, विम्याची पावती, बँकेचे पासबुक आणि गेल्या खरिपात मिळाले असेल ते कोणतेही सरकारी पत्र आणा. खाते सामाईक असेल तर भावांची नावे लिहून आणा, भांडण चालू असले तरी. माहितीच्या अधिकाराचे अर्ज तिथेच भरून घेऊ. कोरे फॉर्म आमच्याकडे आहेत, दहा रुपये मात्र ज्याचे त्याने आणायचे.